दुसरं तळण

५ जानेवारी, लातूर

आजपासून लिहायचं ठरवलं. धंदा करायचा तर आधी दुसऱ्याचं खाऊन बघावं, आणि खाल्लेलं ध्यानात राहावं म्हणून लिहून ठेवावं. दीपा म्हणाली, "रोज लिहा. डोकं शांत राहील." माझं डोकं शांतच आहे. पण बायकोनं हौसेनं वही आणून दिली, तर लिहितो.

थोरल्या भावाच्या खत-बियाणांच्या दुकानातून मी दिवाळीत बाहेर पडलो. पटलं नाही. काउंटरची काच फुटली त्याचा बोभाटा त्यानं गल्लीभर केला, का फुटली ते कुणाला सांगितलं नाही. जाऊ दे. आता ट्यूशन एरियात गाळा घेतला आहे. बाहेरगावची पोरं-पोरी तिथं खोल्या करून राहतात, संध्याकाळी क्लास सुटले की भुकेली रस्त्यावर येतात. वडापाव आहे, मंच्युरियन आहे, मोमो आहेत. चांगले फ्रेंच फ्राईज कुठंच नाहीत. आपण फक्त तेच विकायचे. लातूर-नांदेडात जे सगळ्यात चांगले असतील ते शोधायचे आणि त्यांच्यापेक्षा सरस करायचे.

तळणार आनंदराज. आयटीआयपासूनचा माझा दोस्त, काही वर्षं संभाजीनगरच्या एका हाटेलात तळणावर होता. तो बौद्ध आहे म्हणून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, जरा कपाळाला आठी पाडली. मी म्हटलं, मी असलं काही मानत नाही. आनंदराजला घरात बसवून चहा पाजला. कप दीपानं उचलला.

आज मी, दीपा, आमची पोरगी सृष्टी आणि आनंदराज, असे फिरलो. पहिल्या हाटेलात फ्राईज आले ते सुतळीसारखे. उचलला की लोंबतो. दुसऱ्या ठिकाणचे पाकिटातले, बाहेरून पत्रा आणि आतून पीठ. तिसऱ्या ठिकाणी तेलात बुडून मेलेले. मी परत पाठवले तर वेटर म्हणतो, "सर, सगळे हेच खातात. तक्रार तुमचीच हाय."

मी त्याची कॉलर धरली. नुसती धरली. आनंदराजनं माझं मनगट पकडलं आणि हळूच म्हणाला, "मल्ल्या, बटाटा गोदामातला जुना हाय. ह्याचा काय गुन्हा?" मग सोडलं. वेटरच्या शर्टाची दोन बटणं तुटली. आधीच सैल असणार.

सृष्टीचं पोट दुखायला लागलं म्हणून चौथं हाटेल राहिलं. सात वर्षांची पोरगी, पण माझ्याबरोबर बाहेर निघाली की हिचं पोट दुखतं. नाजूक आहे. आईवर गेली.

१२ जानेवारी

सापडले!

नांदेडला गेलो होतो. दीपाचा भाऊ सत्यम मुदखेडला रेल्वेत आहे, राहतो नांदेडात. तोच घेऊन गेला व्हीआयपी रोडच्या एका हाटेलात. "दाजी, इथले खाऊन बघा, मग बोला."

खाल्ले. काय सांगू. बोटात धरला तर सरळ उभा राहतो. दाताखाली आला की आधी आवाज येतो, मग आतून वाफ, मग बटाट्याची गोडी. मीठ वरून भुरभुरलेलं नाही, अंगाला धरून बसलेलं. सृष्टीनं अख्खी प्लेट एकटीनं संपवली आणि मामाकडं बघून हसली. तिला एवढं हसताना मी लई दिवसांनी बघितलं.

आनंदराजनं एक मोडून आत बघितलं. "दोनदा तळलेत. आधी मंद तेलात, मग पसरून गार केले, मग कडक तेलात. ह्या दुसऱ्या तळणाला घाई केली की खेळ खलास."

बटाटा कुठला वापरतात ते विचारावं म्हणून मी आत गेलो. आचारी शिवप्पा नावाचा, देगलूरकडचा, जाडजूड माणूस. म्हणाला, "गिऱ्हाईकानं बाहेर बसायचं." मी चांगल्या शब्दांत दोनदा विचारलं. त्यानं माझ्या छातीला हात लावून मला मागं सारलं.

छातीला हात. आत काम करणाऱ्या सगळ्या पोरांच्या देखत.

ओट्यावर स्टीलचा जग होता. तो त्याच्या कपाळावर बसला, भुवईच्या वर. मग आणखी एकदा, कारण तो खाली पडताना माझा पाय ओढत होता, किंवा मला तसं वाटलं. कापलेले बटाटे परातीत पाण्यात होते. त्या पाण्यात रक्त पडलं तर पाणी एकदम गुलाबी झालं. सत्यम मालकाच्या पाया पडला. मला ते आवडलं नाही. माझा मेव्हणा आणि दुसऱ्याच्या पाया पडतो.

परत येताना लोह्याच्या पुढं दीपा म्हणाली, "त्या माणसाला टाके पडले असतील." मी म्हटलं, गप्प बस. ती म्हणाली, "त्यालाबी लेकरं असतील." मी गाडी बाजूला घेतली. आनंदराज म्हणाला, "मल्ल्या, चल की. उशीर होऊन राहिला." मी म्हटलं, तू सृष्टीला घेऊन जरा उतर. तो उतरला नाही. मग मी परत म्हटलं, तेव्हा तिला कडेवर घेऊन उतरला, रानातल्या शेळ्या दाखवायला.

थोड्या वेळानं हॉर्न वाजवला. सृष्टी गाडीत बसायला तयार नव्हती. शेळ्यांचा लई नाद तिला.

१३ जानेवारी

दीपाचा डावा गाल सुजला आहे. गाडीचं दार लागलं, असं तिनंच अव्वाला सांगितलं. तसं सांग म्हणून मी म्हटलं नव्हतं. समजूतदार बाई आहे.

संध्याकाळी तिला गजरा आणला. तिनं देव्हाऱ्यात ठेवला.

२२ जानेवारी

अव्वाला घेऊन उदगीरला लग्नाला गेलो होतो. तिथं एका बेकरीत फ्राईज खाल्ले. बरे होते, पण शिळ्या तेलाचा वास. अव्वाला विचारलं कसे लागतात, तर म्हणाली, "बटाटा बटाट्यासारखा लागतो. भाजी करायची सोडून काड्या काय तळता?" हसू आलं.

बाहेर एकानं आपली जीप माझ्या गाडीच्या आडवी लावली होती. सांगूनही काढेना. मी त्याचा आरसा फोडला, मग तो उतरला, मग त्याच्या नाकाचं हाड वाजलेलं मला ऐकू आलं. अव्वा गाडीत बसून ओरडत होती, "साकू, मल्ल्या, साकू!" रागात आणि भीतीत ती अजून कानडीच बोलते. पुरे, पुरे. तो माणूस तोवर खालीच बसला होता. लग्नाला म्हणून घातलेल्या त्याच्या पांढऱ्या शर्टावर सगळं रक्त.

मला राग येतो हे खरं आहे. आज अंघोळ करताना हाताच्या बोटांकडं बघत होतो. वाटलं, राग येतो तेव्हा मी तिथं नसतोच. मग वाटलं, असं कसं? हात तर माझाच होता, दुखतोयही माझाच.

पण जीप त्यानं आडवी लावली होती.

३० जानेवारी

गाळ्याला रंग दिला. भट्टी बसली. कढई नवीन आणली, लोखंडी, दोघांनी उचलावी लागते.

दीपा हल्ली आनंदराजच्या घरी जाते. त्याची बायको रेणुका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दोघींचं चांगलं जमलं. आज मी न सांगता गेलो तर रेणुका दीपाचे फोटो काढत होती. दीपाची पाठ खिडकीकडं होती, पदर खांद्यावरून खाली. मी म्हटलं, "अहो वहिनी, फोटो काढायचाय तर समोरून काढा. आणि जरा हसायला सांगा तिला."

दोघी हसल्या नाहीत. बायकांना गंमत कळत नाही.

९ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. अव्वानं नारळ फोडला. पहिली प्लेट सृष्टीला दिली. तिनं माझ्याकडं बघून दोन खाल्ले आणि आईच्या मागं जाऊन बाकीचे खाल्ले.

आनंदराजनं कमाल केली. चार दिवस तो बटाटे बदलून, कमी-जास्त भिजवून बघत होता. आजचे फ्राईज व्हीआयपी रोडच्या जवळ गेले. अगदी तसे नाहीत. पण जवळ. पोरं-पोरी रांगेत उभी होती. कोण निलंग्याची, कोण किनवटची, कोण पार परभणीहून आलेली. एक पोरगी घरच्या आठवणीनं रडत होती, तिला मी फुकट प्लेट दिली. ती म्हणाली, "काका, थँक्यू." माझ्या डोळ्यात पाणी आलं. हे खरं लिहितो.

आज दिवसभरात एकदाही राग आला नाही. आनंदराजला मिठी मारली. तो म्हणाला, "असाच राहा बाबा."

१६ फेब्रुवारी

लिहायला वेळ नाही. रांग हटत नाही. पाय मोडून आले आहेत, पण सुखानं.

दीपानं विचारलं, "सृष्टीला परीक्षेनंतर कंधारला पाठवू का, आईकडं?" मी म्हटलं, परीक्षेनंतर बघू. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता ती कुठलीच गोष्ट दोनदा विचारत नाही. सुधारली आहे.

२० फेब्रुवारी

कढई घसरली.

जसं झालं तसं लिहितो. संध्याकाळची गर्दी. पंधरा-वीस पोरं उभी. एका पोरानं प्लेटमधला फ्राय वाकवून दाखवला आणि मित्राला म्हणाला, "नांदेडवाल्यांची सर न्हाई बे." सगळी हसली. मी ऐकलं. माझ्या कानात गरम झालं.

आत वळून बघतो तर आनंदराज हात बांधून उभा. पहिलं तळण पसरून ठेवलेलं, गार होत होतं. मी म्हटलं, टाक कढईत. तो म्हणाला, "दोन मिनिटं." मी म्हटलं, लोक थांबलेत, टाक. तो म्हणाला, "मल्ल्या, आत्ता टाकले तर मऊ पडतील. त्या पोराचं बोलणं खरं होईल."

म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. आणि पोराच्या बाजूनं बोलत होता.

माझ्या तोंडातून एक शब्द गेला. तो इथं लिहीत नाही. त्याच्या जातीवरून गेला. मी असलं काही मानत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण गेला. आनंदराजनं झारा खाली ठेवला, गॅस बंद करायला वाकला आणि म्हणाला, "संपलं. मी निघालो."

मी त्याला थांबवायला खांद्याला धरलं. थांबवायलाच. आणि कढई घसरली.

तेल आनंदराजच्या उजव्या हातावर आलं, कोपरापासून बोटांपर्यंत. आवाज तोच, बटाटा टाकल्यावर येतो तोच. मग त्याचा आवाज आला. माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. पोरं पळाली. कुणीतरी त्याच्या हातावर पाणी ओतत होतं. शर्टाची बाही सोलून निघाली आणि तिच्याबरोबर कातडंही.

सृष्टी दारात उभी होती. शाळेतून दीपाबरोबर आली होती. ती रडली नाही. तिनं नुसते कान झाकले होते.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यात सांगून आलो, कढई घसरली. सगळ्यांना तेच सांगितलं. रेणुकानं मला आत जाऊ दिलं नाही. ती नुसती दाराला पाठ लावून उभी राहिली.

२४ फेब्रुवारी

दीपा आणि सृष्टी घरी नाहीत. सकाळी शाळेत सोडते म्हणून गेल्या. दप्तर पलंगाखाली सापडलं, पुस्तकं सगळी आत. म्हणजे पोरीच्या पाठीवर दुसरंच काहीतरी होतं. कपाट उघडलं. साड्या आहेत. सृष्टीचे थंडीचे कपडे नाहीत, जन्माचा दाखला नाही.

अव्वाला विचारलं तर म्हणाली, "मला काय बी ठाऊक न्हाई." पण चहा करताना तिनं दोनच कप काढले. विचारायच्या आधी.

२६ फेब्रुवारी, नांदेड

सत्यमच्या दारात गेलो. समजावून घेऊन यायला गेलो होतो. त्यानं दार अर्धंच उघडलं, साखळी लावून. म्हणाला, "दाजी, ताई येणार न्हाई. तुम्ही जा."

मी म्हटलं, तिला बोलाव. ती तोंडानं सांगू दे.

आतून दीपाचा आवाज आला. "मी न्हाई येणार." मग म्हणाली, "सृष्टीला ताप हाय. दार वाजवू नका."

मी दार वाजवलं. मग खांदा लावला. साखळी तुटली. सत्यम मधे आला, त्याला भिंतीवर दाबलं, गळा माझ्या हातात होता. त्याचे डोळे मोठे व्हायला लागले. दीपाच्या हातात पोळपाट होता. तिनं तो माझ्या मानेवर मारला. एकदा नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला वाटायचं हिच्या हातात जोरच नाही.

मी पडल्यावर गल्लीतली माणसं आली. त्यांनी मला ओढत रस्त्यावर नेलं. कुणी चपलेनं, कुणी पायानं. एक म्हातारी बादली घेऊन आली आणि माझ्या अंगावर धुण्याचं पाणी टाकून गेली. मी डोकं हातांत धरून पडून होतो आणि मोजत नव्हतो, फक्त थांबायची वाट बघत होतो. वाट बघणाऱ्याला किती वेळ वाटतो ते आज कळलं. म्हणजे मला नेमकं काय कळलं, ते सांगता येत नाही. पण काहीतरी कळता कळता राहिलं.

नंतर कुठं जायचं सुचेना. पाय व्हीआयपी रोडकडं गेले. शर्ट ओला, ओठ फाटलेला. वेटरनं मला ओळखलं. आत जाऊन आला. मला वाटलं, आता इथंही मारतील. तर प्लेट आली. टेबलाच्या टोकाला ठेवून तो लांब उभा राहिला. आतल्या खिडकीतून शिवप्पा बघत होता. भुवईवर पांढरी रेघ.

मिठानं ओठ चरचरला. तोंडातलं रक्त आणि बटाटा एकत्र. तरी खरं ते लिहितो. फ्राईज तिथलेच. बाकी सगळे खोटे.

२ मार्च

आज आनंदराजला भेटलो. रेणुका दुसऱ्या वॉर्डात असताना आत गेलो. उजवा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत. चेहरा बारीक झालेला. मी त्याच्यासाठी मोसंबी नेली होती.

म्हटलं, "बरा हो. गाळा तसाच ठेवलाय. तुझ्याशिवाय तिथं कुणी तळणार न्हाई."

त्यानं तोंड छताकडं फिरवलं. मग म्हणाला, "मल्ल्या, पोलीस येऊन गेले. मी खोटं सांगितलं न्हाई."

"काय सांगितलंस?"

"कढई घसरली न्हाई. तू मला ढकललंस. तो शब्द बोललास, तेबी सांगितलं. लोह्याला गाडी थांबवलीस, तेबी. तेव्हा मी खाली उतरलो. पोरीला शेळ्या दाखवत उभा राहिलो. त्या दिवशी उतरायला नको होतं मी. तेवढं माझ्या जिवाला लागून राहिलंय."

"म्हणजे माझ्या बायकोला पळवलंस तूच."

"तिला कुणी पळवलं न्हाई. ती चालत गेली."

मी त्याचा हात धरला. मला त्याला उठवायचं होतं, माझ्याकडं बघायला लावायचं होतं. तो ओरडला. बाजूच्या कॉटवरचे सगळे उठून बसले. मला खरंच कळलं नाही की तो तोच हात आहे. पट्टी दिसत होती. तरी कळलं नाही. आणि कळल्यावरही बोटं लगेच सुटली नाहीत. हे का लिहितोय माहीत नाही. कुणी विचारलेलं नाही.

रेणुका धावत आली. ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे होता तिच्या हातात, तो तिनं आडवा माझ्या तोंडावर मारला. दात हलला. वॉर्डबॉयनी मला जिन्यावरून खाली सोडलं. मोसंबी पायऱ्यांवर घरंगळत माझ्या पुढं गेली.

४ मार्च

सकाळी ठाण्यातून फोन आला. साहेब शांतपणे बोलले. "दोन तक्रारी आहेत. तुमच्या बायकोची आणि आनंदराजची. फोटो आहेत, दवाखान्याचे कागद आहेत. स्वतः येता का गाडी पाठवू?" मी म्हटलं, येतो.

अव्वा म्हणाली, "बिदरला मामाकडं जा. मागच्या दारानं. मी सांगते, घरी न्हाई म्हणून." तिनं पिशवीसुद्धा भरली होती. भाकरी, चटणी, माझा टॉवेल.

मी म्हटलं, "मी काय चोर आहे का? जाऊन सांगतो काय झालं ते."

काय झालं ते कुठून सांगायचं याचा विचार करत होतो. वाटेत कुठं चूक झाली ते शोधत होतो. जीप आडवी लावली ती त्यानं, छातीला हात लावला तो त्यानं, दोन मिनिटं थांब म्हणाला तो आनंदराज. सगळं असं ओळीनं लावलं तर बरोबर बसतं. पण सृष्टीनं कान झाकले, ते कुठं बसवावं ते कळेना.

अव्वा खुंटीखाली पाटावर बसली होती, पिशवीची गाठ मारत. इस्त्रीचा शर्ट तिच्या डोक्यावरच्या खुंटीला होता. बोलता बोलता मी तिच्यापाशी गेलो आणि शर्ट घ्यायला हात वर केला.

अव्वा खाली वाकली. एकदम. डोकं गुडघ्यात घातलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

अव्वाला मी कधी हात लावलेला नाही. आठवून बघितलं. नाही.

मी म्हटलं, "अव्वा, शर्ट घेत होतो."

ती तशीच वाकलेली, आतल्या आत म्हणाली, "व्हय, बाळा. ठाऊक हाय."

पण डोक्यावरचे हात तिनं काढले नाहीत.